सिंदखेडची कन्या आणि चित्रपटांतील चिरकीर्ति

[ १ ]

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें गांव इतिहाससंशोधकांस नवें नाहीं. लखुजी जाधवरावांची समाधि, राजवाडा, रंगमहाल, काळा कोट, नीलकंठेश्वराचें देऊळ व मोती तलाव हीं तेथील स्थळें आजवर अनेकांनीं पाहिलीं व वर्णिलीं आहेत. इ. स. २०२४ सालीं समाधीच्या परिसरांत पुरातत्त्व खात्याचें काम चाललें असतां जुन्या देवालयाचे अवशेष व शेषशायी विष्णूची मूर्ति उजेडांत आली, तेव्हां या गांवाकडे पुन्हां एकवार सर्वांचें लक्ष वेधलें. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या दगडांचा नाहीं. ज्या कन्येमुळें हें गांव महाराष्ट्रास वंदनीय झालें, त्या मातुश्री जिजाबाईसाहेबांची भूमिका आज असंख्य लोकांस ठाऊक आहे ती ग्रंथांतून नव्हे, तर पडद्यावरून. ती भूमिका करणाऱ्या नटींची, तो पट घडविणाऱ्या दिग्दर्शकांची आणि एकंदर मराठी चित्रपटांतील कर्त्या माणसांची कीर्ति कशानें उत्पन्न होते व कशावर टिकते, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

हस्तलिखितें व सनदा यांत रमणाऱ्या वाचकांस हा विषय किंचित् उपरा वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केल्यास असें दिसेल कीं, हा प्रश्न मुळांत साधनांचाच आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्या नकला होत गेल्या, म्हणून सभासदाचें नांव आज आपणांस ठाऊक आहे. कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' पोथीच्या रूपानें राहिलें व इ. स. १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें, म्हणून परमानंद आपल्या परिचयाचा झाला. त्यांच्या काळीं यांहून रसाळ लिहिणारे कोणी नव्हतेच, असें कोण म्हणेल ? त्यांची प्रत उरली नाहीं, इतकेंच. चित्रपटांतील कीर्तीचाही न्याय हाच आहे, असें आमचें म्हणणें आहे. ती केवळ गुणांवर ठरत नाहीं. कृतीची प्रत, समकालीन कागद आणि लोकांनीं ती कृति पुन्हां पुन्हां जवळ करणें, या तीन आधारांवर ती उभी असते. यांतील एकही आधार नसेल तर मोठ्यांतला मोठा नटही दोन पिढ्यांत पुसला जातो. हे तिन्ही आधार आपण क्रमानें पाहूं.

[ २ ]

प्रथम कागदाचा आधार घेऊं. इ. स. १९१२ च्या मे महिन्याच्या १८ तारखेस मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'श्री पुंडलिक' नांवाचा पट दाखविण्यांत आला. तो रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांनीं केलेला होता. रंगभूमीवर चाललेल्या नाटकाचें तें चित्रण होतें व यंत्र चालविणारा जॉन्सन नांवाचा इंग्रज होता. या पटाची एकही प्रत आज उरलेली नाहीं. असें असतांही तोरण्यांचें नांव चित्रपटाच्या इतिहासांत घेतलें जातें. याचें कारण त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलेली जाहिरात हें होय. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या २५ मे १९१२ च्या अंकांतील कांहीं ओळी जर राहिल्या नसत्या, तर तोरण्यांचा दावा कुटुंबांतील एक आख्यायिका होऊन बसला असता. वृत्तपत्राच्या कोपऱ्यांतील चार ओळींवर एका माणसाचें अग्रत्व तोललें गेलें आहे, ही गोष्ट संग्राहकांनीं मनांत ठेवण्यासारखी आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कॉरोनेशनमध्यें ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आज फाळक्यांचें नांव निर्विवाद झालें आहे. परंतु त्यांचा अंतकाळ वैभवाचा नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ते नाशिकास वारले, तेव्हां बोलपटांच्या झगमगाटांत त्यांची आठवण फार थोड्यांस राहिली होती. पुढें त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, इ. स. १९६९ सालापासून, केंद्र सरकारनें त्यांच्या नांवें पुरस्कार सुरूं केला व पहिला मान देविकाराणी यांस मिळाला. पुरस्कारानें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें हें खरें, पण केवळ पुरस्कारावर कोणाची कृति जिवंत राहत नाहीं. फाळक्यांचें सुदैव असें कीं, त्यांनीं इ. स. १९१७-१८ मध्यें 'नवयुग' मासिकांत आपल्या धंद्याचा इतिहास स्वत: लिहून ठेविला, आणि त्यांच्या कांहीं फिती त्यांच्या कुटुंबियांजवळ उरल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आद्य संग्राहक पी. के. नायर यांनीं त्या मिळवून जतन केल्या.

'राजा हरिश्चंद्रा'च्या म्हणून जीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें उरलीं आहेत, तीं इ. स. १९१३ च्या मूळ पटाचीं कीं इ. स. १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. पुष्कळांचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मूळ प्रत कोणती व उत्तरकालीन नक्कल कोणती, हा वाद आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. इ. स. १९१९ सालचा 'कालियामर्दन' मात्र बव्हंशीं उपलब्ध आहे. त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनें केली. तिच्याहून नाणावलेले, टाळ्या घेणारे कितीतरी नट त्या काळीं होऊन गेले. परंतु शंभर वर्षांनंतरही आपण डोळ्यांनीं पाहतों ती त्या मुलीची चेष्टा, तिचें हसणें व तिचें यमुनेंतील युद्ध. एका प्रतीनें एका बालिकेस अमर केलें. याच्या उलट 'मोहिनी भस्मासुर' या इ. स. १९१३ च्या पटांत काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांचें काम आतां पाहतां येत नाहीं. पडद्यावर प्रथम आलेल्या स्त्रिया म्हणून त्यांचें नांव राहिलें. पण तें नांवच, काम नव्हे.

[ ३ ]

आतां प्रतीचा आधार. आपल्या देशांत हजाराहून अधिक मूकपट निर्माण झाले. त्यांपैकीं पूर्ण स्वरूपांत उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हा नाश समजण्यास त्या फितीची घडण समजली पाहिजे. जुन्या चित्रपटांची फीत सेल्युलोज नायट्रेट नांवाच्या द्रव्याची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही. उष्णता व ओलावा यांनीं आधीं तिच्यावरील चित्र विरतें, मग ती चिकट होते व शेवटीं तिची तांबूस भुकटी होते. शिवाय तिच्यावरील लेपांत चांदी असे. खेळ करून झिजलेल्या फिती चांदी काढण्यासाठीं मोडींत विकल्या जात. मोडी कागदांचे रुमाल पुड्या बांधण्यासाठीं वाण्याकडे गेल्याचें दु:ख ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको. फरक एवढाच कीं, जुन्नरी किंवा दौलताबादी कागद तीन तीन शतकें टिकतो. ही फीत नीट न राखल्यास एका माणसाच्या आयुष्यांतच नाहींशी होते.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचें उदाहरण या दृष्टीनें उद्बोधक आहे. त्यांनीं स्वत: छायायंत्र तयार केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व इ. स. १९२० सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें ठेविला. लोकमान्य टिळकांनीं त्यांस 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली. इ. स. १९२३ सालीं 'सिंहगड' व इ. स. १९२५ सालीं 'सावकारी पाश' हे त्यांचे पट गाजले. 'सावकारी पाशां'त कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याची कथा होती. त्यांत तरुण शेतकऱ्याचें काम शांताराम वणकुद्रे यांनीं, म्हणजे पुढील प्रसिद्ध व्ही. शांताराम यांनीं केलें. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळांत खेड्यांतील दारिद्र्य पडद्यावर आणणारा हा पट भारतीय वास्तववादाचा आरंभ म्हणून गणला जातो. परंतु आज तो मूकपट पाहूं म्हटल्यास सांपडत नाहीं. पेंटरांनीं पुढें इ. स. १९३६ सालीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां केली, त्यावरून मूळची कल्पना करावी लागते.

मग पेंटरांची कीर्ति कशावर उभी आहे ? ती त्यांच्या शिष्यांवर उभी आहे. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर हे त्यांच्याच कंपनींत तयार झाले. त्यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास प्रभात कंपनी स्थापिली व इ. स. १९३३ सालीं ती पुण्यास नेली. शिष्यांच्या कृति उरल्या म्हणून गुरूचें नांव उरलें. ज्याप्रमाणें एखाद्या आचार्याचा ग्रंथ लुप्त होऊन टीकाकारांनीं घेतलेल्या उताऱ्यांवरून त्याचें मत कळावें, त्यांतलाच हा प्रकार होय. पण असा आधार सर्वांस लाभत नाहीं. ज्यास शिष्य नाहींत व ज्याची प्रतही नाहीं, तो केवळ नामावळींतील एक ओळ होऊन राहतो.

[ ४ ]

प्रत व कागद दोन्ही असले तरी तेवढ्यानें कीर्ति टिकते असें नाहीं. तिसरा आधार लोकांचा. याचें उत्तम प्रत्यंतर प्रभातच्याच दोन चित्रपटांत मिळतें. इ. स. १९३५ सालीं प्रभातनें 'धर्मात्मा' काढला; त्यांत संत एकनाथांचें काम नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व यांनीं केलें. इ. स. १९३६ सालीं दामले व फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखालीं 'संत तुकाराम' निघाला. त्यांत तुकोबांचें काम विष्णुपंत पागनीस यांनीं केलें. दोघेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले, दोघांनींही संतांचीच भूमिका केली, कंपनीही एकच. रंगभूमीवरील लौकिक पाहिला तर बालगंधर्व शतपटींनीं मोठे. असें असून 'धर्मात्मा' हा आज अभ्यासकांपुरता उरला, व त्या चित्रपटानंतर बालगंधर्व पुन्हां नाटकाकडे वळले. 'संत तुकाराम' मात्र मुंबईंत वर्षाहून अधिक काळ एकसारखा चालला, इ. स. १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत गौरविला गेला, आणि तुकोबांचें चित्र म्हणून पागनिसांचेंच रूप घरोघरीं भिंतीवर लागलें.

हा भेद गुणांनीं होत नाहीं. बालगंधर्वांचे रसिक एकनाथांत बालगंधर्वांस शोधीत होते. पागनिसांचें असें कांहींच पूर्वीचें ओझें नव्हतें. त्यांनीं आपणांस भूमिकेंत इतकें मिसळून टाकिलें कीं, पाहणाऱ्यास नट दिसेनासा झाला. तुकोबांविषयींचा जो जिव्हाळा वारकऱ्यांच्या मनांत शतकानुशतकें भरलेला होता, तो आपोआप त्या चित्राकडे वाहूं लागला. बालगंधर्वांची कीर्ति त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनीं व नाट्यरसिकांच्या आठवणींनीं राखली, चित्रपटानें नव्हे. त्यांच्या चरित्रावर इ. स. २०११ सालीं चित्रपट निघाला, तोही नाटकांतील बालगंधर्वांचा.

याच चित्रपटांतील आणखी एक गोष्ट पोथ्यांच्या अभ्यासकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. शांताराम आठवले यांनीं त्यासाठीं अभंगाच्या घाटणीचें एक पद स्वत: रचिलें. तें इतकें साधलें कीं, लोक तें तुकोबांचाच अभंग म्हणून गाऊं लागले. गाथेंत क्षेपक कसे शिरतात, याचें याहून ताजें उदाहरण क्वचित् सांपडेल. कवीच्या दृष्टीनें पाहतां, कृति अमर झाली व कर्त्याचें नांव तिच्याआड गेलें. आठवल्यांचें कर्तृत्व आज सिद्ध करतां येतें, कारण चित्रपटाची श्रेयनामावळी व गाण्यांचीं पुस्तकें उरलीं. तीं नसतीं तर तें पद तुकोबांच्या नांवावर कायमचें जमा झालें असतें.

[ ५ ]

आतां सिंदखेडच्या कन्येकडे वळूं. ऐतिहासिक साधनांत जिजाबाईसाहेबांविषयींचा मजकूर विस्तृत नाहीं. 'शिवभारतां'त जाधव-भोसले यांच्यामधील कलहाचा प्रसंग व शिवजन्माची कथा आहे. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'ंत, जो विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं इ. स. १९२२ सालीं प्रसिद्ध केला, शहाजीराजांबरोबर त्यांचीही स्तुति आहे. सभासदानें त्यांचा उल्लेख मोजक्या शब्दांत केला आहे. इ. स. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत लखुजी व त्यांचे पुत्र यांचा घात झाला, आणि इ. स. १६७४ च्या जून महिन्यांत, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनीं, पाचाड येथें मातुश्रींचें देहावसान झालें. या दोन टोकांमधील दीर्घ आयुष्याचा तपशील साधनांत तुटक आहे. त्यांचें अस्सल असें समकालीन चित्रही नाहीं. अर्थात् जेथें साधन थांबतें तेथें कल्पनेस वाव मिळतो, व चित्रपटाचें काम नेमकें तेथून सुरूं होतें.

या कामीं सर्वांत दीर्घकाळ परिश्रम करणारे दिग्दर्शक म्हणजे कोल्हापूरचे भालजी पेंढारकर होत. मूकपटांच्या काळापासून त्यांनीं मराठ्यांचा इतिहास हाच आपला मुख्य विषय केला. 'नेताजी पालकर' (१९३९), 'थोरातांची कमळा' (१९४१), 'बहिर्जी नाईक' (१९४३), 'छत्रपति शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६), 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) व 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) ही नामावळी पाहिली म्हणजे त्यांच्या निष्ठेची कल्पना येते. इ. स. १९४८ सालीं महात्मा गांधींच्या वधानंतर झालेल्या दंगलींत त्यांचें कोल्हापूर येथील चित्रमंदिर जाळलें गेलें व त्यांस फार मोठी हानि सोसावी लागली. तरीही त्यांनीं काम पुन्हां उभें केलें. इ. स. १९९१ चा फाळके पुरस्कार त्यांस मिळाला व इ. स. १९९४ सालीं ते वारले. एका विषयाशीं आयुष्यभर इमान राखणें हेंही कीर्तीचें कारण आहे; कारण त्यायोगें प्रेक्षकांच्या मनांत त्या विषयाशीं त्या माणसाचें नांव जोडलें जातें. शिवकालाचा चित्रपट म्हटला कीं भालजींचें नांव पुढें येतें, तें यामुळेंच.

'मराठा तितुका मेळवावा' यांत जिजाबाईसाहेबांचें काम सुलोचनाबाई लाटकर यांनीं केलें. बेळगांव जिल्ह्यांतील खडकलाट या गांवीं जन्मलेल्या या बाई भालजींच्याच हाताखालीं तयार झाल्या. सुलोचना हें नांवही त्यांस भालजींनींच दिलें. पुढें हिंदी पडद्यावर त्यांनीं असंख्य वेळां आईचें काम केलें. इ. स. १९९९ सालीं पद्मश्री व पुढें महाराष्ट्रभूषण हे मान त्यांस मिळाले, आणि ४ जून २०२३ रोजीं त्या निवर्तल्या. त्या वेळीं वृत्तपत्रांनीं त्यांच्या शेकडों भूमिकांतून जी प्रथम आठविली, तींत जिजाऊंची भूमिका होतीच. या भूमिकेंत भारी वेष नाहीं, हातवारे नाहींत. शांत चेहरा, ठाम बोल व डोळ्यांतील करारीपणा एवढ्यावर ती उभी आहे. पागनिसांप्रमाणेंच येथेंही नटीनें आपणांस मागें ठेविलें, म्हणून प्रेक्षकांस तिच्या ठिकाणीं माता दिसली.

पुढील पिढींत हा वारसा मृणाल कुलकर्णी यांच्याकडे आला. इ. स. २००८ सालच्या 'राजा शिवछत्रपति' या दूरदर्शन मालिकेंत व पुढें दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' व 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२) या चित्रपटांत त्यांनीं जिजाबाईसाहेबांचें काम केलें. शिवकालावर कादंबऱ्या लिहिणारे गोपाळ नीलकंठ दांडेकर हे त्यांचे आजोबा. एकच भूमिका एकाच नटीनें चौदा वर्षांच्या अवधींत वारंवार करावी, हा योग थोड्यांस येतो. दरवर्षीं १२ जानेवारीस सिंदखेडास जिजाऊजन्मोत्सवासाठीं लाखों माणसें लोटतात. जी भूमिका लोक अशा रीतीनें प्रतिवर्षीं मनांत जागी ठेवितात, ती करणारीचें नांवही त्यांच्याबरोबर जागें राहतें. नटीनें भूमिकेस रूप दिलें, आणि भूमिकेनें नटीस आयुष्य दिलें.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. पडद्यावरील रूप जसजसें दृढ होतें तसतसें तें इतिहासाची जागा घेऊं पाहतें. जिजाबाईसाहेबांचें अस्सल चित्र नसल्यामुळें नटीचा चेहरा हाच मातुश्रींचा चेहरा, लेखकानें घातलेले संवाद हेच त्यांचे शब्द, असा समज होऊं लागतो. दिग्दर्शकाची कीर्ति व इतिहासाचें सत्य यांचा हिशेब निरनिराळा ठेवणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे. चित्रपटाचा कर्ता साधनांच्या आधारें कोठवर चालला व कोठून पुढें त्यानें स्वत:ची वाट काढली, हें दाखवून दिल्यानें त्याचा अपमान होत नाहीं. उलट त्याची कल्पकता कोठें आहे तें नेमकें कळतें.

[ ६ ]

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल कीं, कीर्तीचे पहिले दोन आधार, प्रत व कागद, हे संग्राहकाच्या हातीं आहेत. आणि तिसरा, लोकांचा आधार, त्यांच्यावांचून पांगळा आहे. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत, जुन्या प्रभातच्या आवारांतील कोठारास आग लागली व नायट्रेट फितींचा फार मोठा साठा भस्मसात् झाला. सरकारी कोठारांतही असा प्रसंग येतो, तर एकाच ठिकाणच्या संग्रहावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे, हें उघड आहे. पोथ्यांच्या बाबतींत जिल्ह्या-जिल्ह्यांतून शोध घेण्याची जी पद्धति पूर्वसूरींनीं घालून दिली, तीच येथेंही लागूं केली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर चित्रपट येथें कसे आले, हें आधीं समजून घ्यावें. भुसावळाहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगांव यांवरून जातो. जलंबाहून खामगांवास जाणारा फांटा कापसाच्या व्यापारासाठीं इ. स. १८७० सालींच झाला. चित्रपटांच्या व्यापारांत हा सर्व मुलूख 'सी. पी. बेरार' या विभागांत मोडे, व भुसावळ, अमरावती येथें वितरकांच्या पेढ्या असत. उत्तरेकडील या गांवांस फितींच्या पेट्या आगगाडीनें येत. दक्षिणेकडील चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा व सिंदखेड या भागांतून लोहमार्ग गेला नाहीं. तेथें फितींच्या पेट्यांस सडकेवांचून दुसरी वाट नव्हती. महाराष्ट्रभर जत्रांतून कनातींत खेळ करणारे फिरते सिनेमावाले असत. ज्या गांवीं पक्कें चित्रपटगृह नव्हतें तेथील लोकांस पडद्याची ओळख या तंबूंनींच करून दिली. मुंबई-पुण्याच्या टीकाकारांनीं लिहून ठेविलेल्या मतांपेक्षां या तंबूंतील तिकिटांच्या हिशेबावरून कोणता नट लोकांस किती प्रिय होता, हें अधिक खात्रीनें कळेल. बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ, हा राजवाड्यांनीं घालून दिलेला दंडक येथें जसाच्या तसा लागूं पडतो. नटांचीं व दिग्दर्शकांचीं आत्मचरित्रें ह्या बखरी होत. त्या उतारवयांत, स्मरणावर व स्वपक्षाच्या अभिमानानें लिहिलेल्या असतात. पावत्या, करार व वह्या हीं अस्सल पत्रें होत.

यास्तव जिल्ह्यांतील संग्राहकांनीं पुढील वस्तूंकडे लक्ष द्यावें : चित्रपटगृहांत विकलीं जाणारीं गाण्यांचीं पुस्तकें, गांवांत वांटलेलीं हस्तपत्रकें व भिंतीवर लावावयाचीं मोठीं चित्रें, तंबूच्या मालकांचे वितरकांशीं झालेले करार व पत्रव्यवहार, आगगाडीच्या पार्सलांच्या पावत्या, करमणूक कराचे हिशेब, नगरपालिकांनीं दिलेले परवाने, तसेंच छायाचित्रें. गाण्यांचीं पुस्तकें बहुधा आठ-सोळा पानांचीं, हलक्या कागदावर छापलेलीं असत व खेळ संपल्यावर टाकून दिलीं जात. परंतु आरंभींच्या बोलपटांच्या बाबतींत नटांचीं नांवें, पदांचे कर्ते व कथेचा सारांश पुष्कळदां तेथेंच काय तो सांपडतो. आठवल्यांच्या पदाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

वस्तु हातीं आल्यावर ती कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या दप्तरांत व कोणत्या तारखेस मिळाली, याची नोंद तत्काळ करावी. निव्वळ वस्तूपेक्षां तिच्या ठिकाणाची माहिती संशोधनास अधिक उपयोगी पडते. पत्रकावर साल नसल्यास तर्कानें घालूं नये. खेळाचा वार व तारीख दिली असेल तर जंत्रीवरून संभाव्य सालें काढतां येतात. जुन्या फितीचें रीळ सांपडल्यास तें घरांत ठेवूं नये, उन्हांत वाळवूं नये व यंत्रावर चढवून पाहूं नये. तें पेट घेण्याचा संभव असतो. इ. स. १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इ. स. २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या कारभाराखालीं आलें आहे. त्यास कळविणें हा उत्तम मार्ग होय.

[ ७ ]

तात्पर्य, चित्रपटांतील चिरकीर्ति ही टाळ्यांनीं अथवा पदकांनीं सिद्ध होत नाहीं. तोरण्यांस एका जाहिरातीनें तारलें, मंदाकिनी फाळके हिला एका प्रतीनें, पेंटरांस शिष्यांनीं, पागनिसांस वारकऱ्यांच्या भक्तीनें, भालजींस त्यांच्या निष्ठेनें व सुलोचनाबाईंस एका मातेच्या स्मृतीनें. गुण तर या सर्वांच्या ठिकाणीं होतेच. पण तेवढेच गुण असलेले कितीएक लोक आज निर्नाम झाले आहेत, व त्यांची दाद लावणारा कागद कदाचित् खामगांवच्या एखाद्या जुन्या पेढींतील माळ्यावर किंवा मेहकरच्या एखाद्या वाड्यांतील फडताळांत पडलेला असेल. सिंदखेडच्या भूमीनें शेषशायीची मूर्ति शतकानुशतकें सांभाळून ठेविली. कागद व फीत यांस भूमीची ती शक्ति नाहीं. त्यांस सांभाळणारा माणूसच लागतो, आणि तो वेळेवर पोंचला पाहिजे.